डेथ स्टारला किती युनिट लागतात?

सोलापूरहून अक्कलकोटला जाणारी एसटी वळसंगच्या स्टँडवर थांबली, तेव्हा सकाळची शाळा सुटलेली तीन मुले चढून माझ्या मागच्या सीटवर बसली. वाद खालीच पेटलेला असावा, कारण कानावर आले ते थेट भांडणाच्या मधले वाक्य.

“लाईटसेबरपुढं ब्रह्मास्त्र टिकतंय का बे?”

“टिकतंय की! एकदा सोडलं की विषय संपला.”

“आणि डेथ स्टार? त्यो एका फटक्यात आख्खा ग्रह उडवतोय.”

थोड्या वेळाने त्यातला एक पुढे वाकला. “काका, तुम्ही सांगा. सगळ्यात भारी कुठलं?”

अक्कलकोट येईपर्यंत मी जमेल तेवढे सांगितले, पण ते अर्धवट होते. प्रश्न पोरकट मुळीच नव्हता. ऊर्जा म्हणजे काय, ती कशात साठते, किती वेळात बाहेर पडते आणि कुठे जाऊन आदळते, हे सगळे त्या एका प्रश्नात येते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ करणाऱ्या मुलापेक्षा हा प्रश्न विचारणारा मुलगा भौतिकशास्त्राच्या जास्त जवळ आहे, असे मी मनापासून मानतो. म्हणून हे प्रकरण त्या तिघांसाठी.

कुस्ती लावण्याआधी पैलवानांचे वजन करतात. कल्पित शस्त्रांची जोड लावताना नेमके तेच राहून जाते. ‘स्टार वॉर्स’चे विश्व वेगळे, ‘स्टार ट्रेक’चे वेगळे, महाभारताचे तर त्याहून वेगळे. प्रत्येकाचा आखाडा स्वतःचा आणि नियमही स्वतःचे. त्यामुळे ज्याला जे आवडते त्याचे शस्त्र जिंकते आणि वाद तिथेच राहतो. आपल्याला सगळ्यांना तोलणारा एकच काटा हवा. तो महावितरणच्या बिलावर छापलेला असतो: युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख जूल.

पण काही शस्त्रांपुढे युनिट फारच बारीक पडते; सोन्याच्या काट्यावर उसाची गाडी चढवावी तसे. मोठा काटाही लांब शोधायला नको. वळसंग ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट. पूर्ण क्षमतेने चालले तर ते सेकंदाला १३२ कोटी जूल, म्हणजे सुमारे ३६७ युनिट वीज देते. या मापाला आपण ‘फताटेवाडीचा सेकंद’ म्हणू.

आता वजन करायला घेऊ.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६६ साली सुरू झाली. तिच्यातले हातात मावणारे शस्त्र म्हणजे फेझर. बेशुद्ध करण्यापासून माणूस नाहीसा करण्यापर्यंत त्याचा जोर कमीजास्त करता येतो. नाहीसा म्हणजे किती ऊर्जा? ७० किलोचा माणूस सोयीसाठी निव्वळ पाण्याचा आहे असे धरू. शरीरात पाणीच सर्वांत जास्त असते, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही. ते पाणी ३७ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचे आणि मग त्याची पूर्ण वाफ करायची. हिशेब येतो सुमारे १७ कोटी ७० लाख जूल, म्हणजे ४९ युनिट. दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही असलेल्या खेड्यातल्या घराचे महिन्याचे बिल साधारण एवढ्याच युनिटांचे येते. फताटेवाडीला त्यासाठी सेकंदाचा सातवा हिस्साही लागत नाही.

आकडा ऐकून फेझर अगदीच किरकोळ वाटेल. पण पुढे पाहा. ७० लिटर पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते, म्हणजे जवळपास १२० घनमीटर. बारा बाय बाराच्या तीन खोल्या गच्च भरतील एवढी ती उकळती वाफ. फेझर झाडणारा त्याच खोलीत असेल तर तोही भाजून निघेल. पडद्यावर मात्र एक झगमगाट होतो आणि समोरची जागा रिकामी दिसते. वाफ नाही, वास नाही, भिंतीवर थेंबही नाही. याचा अर्थ फेझर माणसाला तापवत नाही, त्याच्या द्रव्याला दुसरीकडेच कुठेतरी पाठवतो. आणि तसे असेल तर ४९ युनिटांचा हिशेब त्याला लागूच होत नाही. कल्पित शस्त्र तोलताना हे फार वेळा होते: वजन करायला जावे तर हाती फक्त वेष्टण लागते.

‘स्टार वॉर्स’मधल्या लाईटसेबरचे तसे नाही. ती तलवार काम करते ते डोळ्यांसमोर. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात क्वाय-गॉन जिन हा जेडाय योद्धा जाड पोलादी दारात लाईटसेबर खुपसून ते वितळवत जातो. तिथे हिशेबाला जागा आहे. समजा, त्याने अर्ध्या मिनिटात ५०० किलो पोलाद वितळवले. एक किलो पोलाद वितळवायला साधारण १२ लाख जूल लागतात. म्हणजे एकूण ६० कोटी जूल, सेकंदाला दोन कोटी. ही झाली २० मेगावॅटची तलवार. फताटेवाडीचे अख्खे केंद्र अशा ६६ तलवारी एका वेळी पेटत्या ठेवू शकेल, सदुसष्टावी नाही.

मुठीत मावणाऱ्या नळीतून २० मेगावॅट कसे येतात, हा प्रश्न मी कथेवर सोडतो. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. एक मीटर लांब, तीन सेंटिमीटर जाड असा दांडा सूर्याच्या पृष्ठभागाइतका, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसला तापवला, तर तो नुसता उभा राहून साठ लाख वॉट उष्णता चहूकडे फेकेल. मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्यावर पडणारा ताप सोलापूरच्या मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाच्या चारशे-पाचशे पट असेल. ज्याने सोलापूरचा मे काढला आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको. लाईटसेबर पेटवणारा शत्रूच्या आधी स्वतः भाजेल. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करणारा माणूस तीन-चार किलोवॅटच्या ठिणगीपुढेही काळ्या काचेचा मुखवटा धरतो आणि हातमोजे घालतो. जेडायच्या अंगावर सुती झगा असतो. तेव्हा त्या तलवारीतली खरी करामत उष्णता निर्माण करण्यात नाही, ती पात्याच्या आत कोंडून ठेवण्यात आहे. चित्रपटांनी या करामतीबद्दल अवाक्षर काढलेले नाही, आणि माझ्या मते त्या सगळ्या विश्वातला सर्वांत अद्भुत शोध तोच आहे.

अक्कलकोटच्या राजवाड्यात संस्थानकाळचे शस्त्रागार आहे. तिथल्या तलवारींपुढे उभे राहिलात तर हा हिशेब करून पाहा. एक किलोचे पाते सेकंदाला वीस मीटर वेगाने फिरवले तर त्यात ऊर्जा किती? अवघे २०० जूल. रायफलच्या गोळीत साधारण १,७०० जूल असतात. आणि एका युनिटमध्ये? ३६ लाख. तलवारीचे अठरा हजार वार किंवा दोन हजार गोळ्या एका युनिटमध्ये बसतात. आणि तेच युनिट हीटरला दिले तर वीस लिटरची बादली ४३ अंशांनी तापते, एका माणसाच्या अंघोळीपुरती. दोन हजार गोळ्यांची ऊर्जा आपण रोज सकाळी अंगावर ओतून घेतो आणि ताजेतवाने होऊन बाहेर पडतो.

म्हणजे नुसत्या ऊर्जेवरून शस्त्राची ताकद ठरत नाही. तलवार २०० जूल एका केसाइतक्या धारेवर आणते, म्हणून ती कापते. वेळेचेही तसेच. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ऊर्जा साधारण १५ हजार टन टीएनटीएवढी, म्हणजे ६३ लाख कोटी जूल होती. फताटेवाडीला एवढी ऊर्जा द्यायला किती काळ लागेल? जेमतेम तेरा तास. रात्री आठला सुरू केले तर सकाळी नऊला संपले. त्या तेरा तासांत सोलापूर जिल्ह्यात दिवे लागतात, विहिरींवर मोटारी चालतात, यंत्रमाग धडधडतात. तेवढीच ऊर्जा एका शहरावर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळात मोकळी झाली, आणि काय झाले ते जगाला ठाऊक आहे. म्हणून आपल्या काट्याला तीन पारडी हवीत: ऊर्जा किती, किती वेळात, किती जागेवर.

या तिन्ही पारड्यांत ज्याचा हिशेब सर्वांत स्वच्छ उतरतो ते शस्त्र सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ पुस्तकरूपाने १८९८ साली आली. तिच्यातल्या मंगळवासीयांकडे उष्णतेचा किरण आहे: डोळ्यांना न दिसणारा, खास वळणाच्या आरशाने एका दिशेला फेकलेला, ज्यावर पडेल ते पेटवणारा. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये चालवून दाखवला, म्हणजे कादंबरीनंतर ६२ वर्षांनी. वेल्स यांनी किरण अदृश्य ठेवला हे मला विशेष वाटते. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक चित्रपटांनी किरण लाल-हिरवे दाखवले आणि ते सरकताना दिसतील इतके सावकाशही दाखवले. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. तो सरकताना दिसत असेल तर तो प्रकाश नव्हे.

वेल्स यांची कल्पना आता आपल्याकडेही प्रत्यक्षात उतरली आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने आंध्र प्रदेशातल्या कुर्नूलजवळ ३० किलोवॅटच्या लेसर शस्त्राची चाचणी घेऊन ड्रोन पाडून दाखवले. ३० किलोवॅट म्हणजे किती? विहिरीवरच्या पाच एचपीच्या आठ मोटारी. एवढी शक्ती दहा सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर धरली तर तिथे भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे ३,८०० पट ताप पडतो, आणि काही सेकंदांत ड्रोनचा पंख निकामी होतो. आठ मोटारींचे बळ, पण जागा तळहाताएवढी. मात्र हवेत धूळ असेल, धुके असेल, पाऊस असेल तर किरण विखुरतो. एप्रिलमध्ये आपल्या माळरानावर वावटळी उठतात, त्या दिवशी हे शस्त्र अर्धे आंधळे होईल. वेल्स यांच्या किरणाला धुळीची अडचण कधी आली नाही. खऱ्या शस्त्राला ती येते, आणि नेमक्या त्या अडचणीवरून ते खरे आहे हे कळते.

आता डेथ स्टार.

१९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात हे कृत्रिम गोलाकार अंतराळस्थानक एका फटक्यात अल्डेरान नावाचा ग्रह फोडते. ग्रह फोडणे म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मातीच्या ढेकळावर दगड मारला की ते फुटते आणि तुकडे तिथेच पडून राहतात. ग्रहाचे तुकडे मात्र गुरुत्वाकर्षणाने परत एकमेकांवर येऊन आदळतात. पृथ्वीवरून एक दगड कायमचा दूर धाडायचा तर त्याला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग द्यावा लागतो. प्रत्येक दगड, प्रत्येक डोंगर, आतला सगळा लोखंडी गाभा असा कायमचा दूर धाडायला जी एकूण ऊर्जा लागेल, तीच पृथ्वी फोडण्याची किमान किंमत. ती आहे सुमारे २२४ च्या पुढे ३० शून्ये इतके जूल.

फताटेवाडीचे केंद्र एक क्षणही न थांबता चालले, कोळसा संपला नाही, उजनी धरणाचे पाणी आटले नाही, तर एवढी ऊर्जा जमवायला त्याला ५४ च्या पुढे १४ शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे. म्हणजे महास्फोटापासून आजवरचा काळ जवळजवळ चार लाख वेळा पुन्हा पुन्हा घालवावा लागेल. हा आकडा डोक्यात मावत नाही, त्यामुळे काटा बदलू आणि सूर्यच पारड्यात घालू. सूर्य सगळ्या दिशांना मिळून जेवढी ऊर्जा फेकतो, ती सगळीच्या सगळी गोळा केली तर पृथ्वी फोडायला लागतील पावणेसात दिवस. एक आठवड्याचा बाजार ते दुसरा बाजार, एवढ्या काळातली सूर्याची पूर्ण कमाई डेथ स्टार एका गोळ्यात उडवतो. चित्रपटात तर तुकडे डोळ्यांदेखत भिरभिरत जातात. म्हणजे खर्च याहूनही कितीतरी जास्त.

आणि धक्का? बंदूक झाडली की खांद्याला मागे ढकलते. प्रकाशकिरणही ढकलतो, फक्त फार हळू. पण इथे किरणच एवढा प्रचंड आहे. डेथ स्टारचा व्यास दीडशे किलोमीटर आणि सरासरी घनता पाण्याएवढी धरली, तर एक फटका मारताच तो स्वतः सेकंदाला चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने उलट दिशेला फेकला जाईल. सोलापूर ते मुंबई एका सेकंदात. आत उभ्या असलेल्या माणसांचे काय होईल, ते सांगायला नको.

ऊर्जेच्या पारड्यात त्या बसमधल्या मुलाचे म्हणणे खरे ठरले: डेथ स्टार सर्वांत भारी. पण कल्पना म्हणून मला तो सर्वांत दुबळा वाटतो. मोठ्या आकड्यापलीकडे त्यात काही नाही. शस्त्र वाढवत नेणे हा विज्ञानकथेतला सर्वांत सोपा मार्ग. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘डेथ्स एंड’ या २०१० च्या कादंबरीत तर कागदाच्या चिटोऱ्याएवढी एक वस्तू अख्खी सूर्यमाला सपाट करते. तीन मितींचे जग दोन मितींचे होऊन जाते. तिथे जूल मोजायची सोयच उरत नाही, कारण शस्त्र निसर्गाचा नियमच बदलते. अशा शस्त्रांची आपसात तुलना होऊ शकत नाही, आणि तसा प्रयत्न मी करणार नाही.

आता ब्रह्मास्त्र, ज्यावरून वाद सुरू झाला.

महाभारतातली अस्त्रे विज्ञानकथेतली नव्हेत, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. ती आपल्या खेड्यांत पोहोचली ती पोथीतून. ‘पांडवप्रताप’ लिहिणारे श्रीधर हे याच जिल्ह्यातल्या, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. १७१२ च्या सुमारास पूर्ण झालेला हा ग्रंथ पुढे तीनशे वर्षे चातुर्मासात देवळादेवळांतून वाचला गेला. वळसंगच्या बसमधल्या मुलाला ब्रह्मास्त्र ठाऊक असते त्यामागे मालिका आणि चित्रपट आहेत, तशी ही परंपराही आहे.

ब्रह्मास्त्र म्हणजे त्या काळचा अणुबॉम्ब, असे सांगणारे बरेच भेटतात. मला हे पटत नाही, आणि यात दोघांवरही अन्याय होतो असे वाटते. १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुस्फोट झाला, त्यामागे सव्वा लाखाहून जास्त माणसे, युरेनियम वेगळे काढणारे अवाढव्य कारखाने आणि चाळीसेक वर्षांचे अणुविज्ञान होते. त्यातले काहीच नसताना फक्त ‘प्रखर तेज’ या वर्णनावरून बॉम्ब शोधायचा, हे विज्ञानही नाही आणि महाभारताचे वाचनही नाही. ब्रह्मास्त्राचे जूल मोजता येत नाहीत, कारण ते लिहिणाऱ्याला मोजायचेच नव्हते. त्याला दुसरे काही मोजायचे होते: शस्त्राच्या अटी.

सौप्तिक पर्वातला प्रसंग आठवा. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही महास्त्र सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहून ती मागे घ्यायला सांगतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाते. दोघांच्या अस्त्रांच्या जोरात फरक नाही. फरक आहे तो मागे घेता येण्यात. नारायणास्त्रापुढे शस्त्र खाली ठेवणारा वाचतो आणि लढणारा मरतो. कर्णाची वासवी शक्ती एकदाच वापरता येते, आणि ती घटोत्कचावर खर्च झाली म्हणून अर्जुन जगतो. असे अटींचे जाळे मला परदेशी विज्ञानकथांत फार थोड्या ठिकाणी सापडले. मालकाला मागे घेता येते का, हा प्रश्न डेथ स्टारला कोणी विचारला नाही.

खऱ्या जगात मात्र तो विचारायलाच हवा. अण्वस्त्र वाहून नेणारे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र एकदा सुटले की ते परत बोलावण्याची सोय नसते. या एका बाबतीत आपण अर्जुनाच्या नाही, अश्वत्थाम्याच्या बाजूला उभे आहोत. म्हणून आपल्या काट्याला मी चौथे पारडे जोडतो: ते मागे घेता येते का?

आणि मग मराठीतले शस्त्र. मराठी विज्ञानकथेला आज जे वजन आहे त्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून. नावावर नको, कथेवर निर्णय व्हावा म्हणून. तिला पहिले बक्षीस मिळाले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत तोफ नाही, किरण नाही. जमिनीखाली सापडलेल्या एका फार जुन्या, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यात माहिती असते. त्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. त्याला हवे असते एकच: स्वतःसारखे आणखी वामन.

बळीकडे तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाचे नाव नारळीकरांनी उगीच दिलेले नाही. मागणी लहान, आणि ती पुरी झाली की जगच उरत नाही. याचे गणित करून पाहू. एक किलोचे यंत्र दररोज स्वतःसारखे आणखी एक बनवते, आणि नवे बनलेले यंत्रही तेच करते. नागपंचमीला एक आहे. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. गणपती येतात तेव्हा ती पन्नास कोटींच्या घरात गेलेली असतात. ऐकायला भयंकर, पण एकूण वजन उजनीच्या पाण्यापुढे काहीच नाही. घटस्थापनेच्या सुमारास त्यांचे वजन मोठमोठ्या पर्वतांच्या पुढे जाते. आणि त्र्याऐंशी दिवसांनी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या सुमारास, यंत्रांचे वजन पृथ्वीहून जास्त होते. दुसऱ्याच दिवशी बलिप्रतिपदा.

प्रत्यक्षात असे होणार नाही. काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, तरी पृथ्वी त्यांनी भरून गेली नाही. अन्न संपते, उष्णता साचते, कच्चा माल पुरत नाही. पण तुलनेच्या दृष्टीने वामनाचे मोल यात आहे की त्याला सुरुवातीला जवळजवळ काहीच ऊर्जा लागत नाही. तो वाटेतली ऊर्जा वापरतो. आणि चौथ्या पारड्यात त्याचे वजन सर्वांत भयानक: एकदा माहिती बाहेर गेली की ती मागे घेण्याचा मंत्र कोणालाच येत नाही. माझा कौल मागाल तर सर्वांत भारी शस्त्र हेच.

त्या मुलांना मी हे बसमध्ये सांगितले तेव्हा एकाने विचारले, “मग थोड्या ऊर्जेत चांगलं काम करणारं काहीच नाही का, काका?” तेवढ्यात बस अक्कलकोटच्या स्टँडमध्ये शिरली. त्याचे उत्तर इथे देतो, आणि तेही नारळीकरांपासूनच सुरू होते. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूची वाट बदलण्यासाठी शास्त्रज्ञ अण्वस्त्र घेऊन यान पाठवतात. माणसे मारण्यासाठी बनवलेल्या शस्त्राचा तो एकमेव चांगला उपयोग असावा. अंतराळातून येणारा दगड काय करू शकतो, ते पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अशाच आघाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यात साचलेले आहे.

कथेतली ही कल्पना नासाने अण्वस्त्राविना करून पाहिली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट नावाचे सुमारे ५८० किलोचे यान डिमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने मुद्दाम आदळवण्यात आले. डिमॉर्फस साधारण १६० मीटर रुंद आहे आणि तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. यानात स्फोटके नव्हती, होता तो फक्त वेग आणि नेम. धडकेने उडालेल्या दगडधुळीनेही मागे रेटा दिला, त्यामुळे परिणाम वाढला. त्या धडकेची ऊर्जा सुमारे १,१०० कोटी जूल होती. फताटेवाडीच्या केंद्राचे आठ सेकंद. धडकेपूर्वी डिमॉर्फसची एक फेरी ११ तास ५५ मिनिटांत पुरी व्हायची. आता तिला सुमारे ११ तास २३ मिनिटे लागतात.